लहान गाडी आणि हप्त्याचे ओझे



युनियनच्या माणसाने मोटारीवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही शाळा लवकर सोडली. जे शिकलो ते गेटसभांत आणि सकाळच्या लोकलच्या डब्यात. तेव्हा पांडित्य नाही, एक हिशेब तेवढा मांडतो.

1995 साली जपानात सुबारू कंपनीने ‘विवियो बिस्ट्रो’ नावाची चिमुकली मोटार काढली. इंजिन जेमतेम 658 सी. सी.चे, तोंडवळा मात्र जुना. गोल दिवे, चकचकीत जाळी, जणू आजोबांच्या काळातली गाडी. शहरातल्या गल्लीबोळांत हिंडायला ती सोयीची होती. लोकांना ती इतकी भावली की इतर कंपन्यांनीही आपल्या लहान गाड्यांना तसलेच जुने चेहरे चढविले. आता प्रश्न असा की, हाती पैसा असलेले लोक लहान गाडीत हौसेने कसे बसले?

याचे मूळ कायद्यात आहे. युद्धाने होरपळलेल्या जपानने 1949 साली हलक्या वाहनांचा निराळा वर्ग पाडला. त्याला तिकडे ‘केई’ म्हणतात. त्यातूनच 1958 साली 356 सी. सी.ची ‘सुबारू 360’ निघाली आणि सामान्य माणूस मोटारीत बसला. आज या वर्गाला 660 सी. सी. आणि 3.4 मीटर लांबीची मर्यादा आहे. जागा कमी व्यापता, म्हणून कर कमी. पुष्कळ गावांत वाहनतळाचा दाखलाही लागत नाही. लहान असण्याला तिथे कायद्याने मान दिला.

आपल्याकडे 1983 साली आलेली मारुती 800 याच कुळातली. तिच्यासाठी लोक रांगेत थांबले. तेव्हा कोणाला तिचा आकार खुपला नाही. पुढे 2008 साली टाटांनी नॅनो दाखविली. इंजिन 624 सी. सी., लांबी सुमारे 3.1 मीटर. स्कूटरवर कोंबून बसलेल्या कुटुंबासाठी ती काढलेली. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला भोवला, हे रतन टाटांनी स्वतःच पुढे बोलून दाखविले. 2018 साली तिचे उत्पादन थांबले. वाळूजला बनलेली बजाजची 216 सी. सी.ची क्यूट 2012 साली लोकांपुढे आली. महाराष्ट्रात विक्रीला यायला 2019 उजाडले. तिचा वर्ग कायद्यात बसविण्यातच वर्षे गेली.

आता घरचे उदाहरण ऐका. आमच्या युनियनमधल्या एका फिटरने जुनी नॅनो घेतली. भर पावसात आईला डायलिसिससाठी पालघरला नेण्याची सोय झाली. पण शेजारी हसले. मुलगी म्हणाली, “बाबा, मला शाळेच्या अलीकडेच उतरवा.” त्याने ती गाडी विकली आणि कर्ज काढून मोठी घेतली. हप्ता पाच वर्षांचा. पुढे संपाचे मतदान आले. हा एरवी पुढच्या रांगेतला गडी. त्या दिवशी त्याचा हात वर झाला नाही. सभेनंतर खाली मान घालून म्हणाला, “दादा, हप्ता थकला तर गाडी उचलून नेतील.” आम्ही त्याला काय बोलणार? आईला न्यायला तर ती लहान गाडी पुरत होती!

बंधूंनो, ज्या चेहऱ्याच्या गाड्या लोक एकेकाळी काटकसरीने घेत, तोच चेहरा जपानने मिरविला. आपण मात्र आपली काटकसर लपवितो आणि लपविण्याचे व्याज भरतो.

सरकारकडे आमचे मागणे आहे : जो रस्ता कमी अडवितो त्याच्याकडून कर कमी घ्या, स्टेशनाबाहेर त्याला जागा द्या. आणि तुमच्याकडे मागणे आहे ते असे : शेजाऱ्याच्या डोळ्यांनी गाडी निवडू नका. गाडी घरच्या गरजेएवढी घ्या, म्हणजे वेळ येईल तेव्हा हात वर करता येईल.