कपड्यांच्या यादीत घरच्या बाईचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संसारातील कपडेलत्ता या विषयावर चार शब्द बोल, असे मंडळाने मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुस्तकातले मला सांगता यायचे नाही. पण पाच माणसांच्या घरात कपडे आणणे, धुणे, सांधणे आणि अखेर त्यांचे पायपुसणे करणे हे काम मी वीस-बावीस वर्षे करीत आले आहे. त्यातलेच सांगते.

आपले गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे गावाची ओळखच कापडाची झाली. आपल्यापैकी पुष्कळींच्या घरची चूल मागाच्या खटखटाटावर पेटते. पण कापड विणणाऱ्याच्या घरी कापड काही आपोआप चालत येत नाही. मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. सूत महागले, माग थांबले, की त्या आठवड्याचा पगार हलका होतो. मग किराणा थांबत नाही, दूध थांबत नाही, मुलांची फी तर नाहीच नाही. थांबतो तो कपडा. म्हणून कपड्यांचा हिशेब आधीच बांधून ठेवावा लागतो.

आपल्या सासवा-आज्यांना हे चांगले ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणले. तेव्हाच्या बायका त्याला 'कंट्रोलचे कापड' म्हणत. नऊवारी लुगडे मधोमध विरले, की विरलेला भाग काढून टाकायचा, चांगले दोन तुकडे जोडून दंड घालायचा आणि पुन्हा नेसायचे. तेही विरले की त्याचे जुनेर. जुनेराची बाळाला दुपटी आणि कुंची, उरल्याची गोधडी, आणि गोधडीही फाटली की पोतेरे. एकच कापड चार जन्म घेत असे. आजही चादर मधोमध झिजली, तर ती उभी कापून कडेच्या बाजू मध्ये घ्याव्यात आणि शिवाव्यात. चादर आणखी दोन वर्षे निघते.

आता माझी पद्धत सांगते. आपल्याकडे कपड्यांचा खर्च वर्षातून तीनदा येतो: जूनमध्ये शाळा, मग दिवाळी, आणि पुढे लग्नसराई. दरमहा ५०० रुपये वेगळ्या डब्यात टाकले, तर वर्षाला ६,००० होतात. त्यातले २,५०० जूनला, २,५०० दिवाळीला, आणि १,००० अडीअडचणीला. ज्यांना ५०० जमत नाहीत त्यांनी २०० टाकावेत. पण डबा वेगळा असावा. मोबाइलवर सेल लागला म्हणून किंवा दुकानदार हप्त्याने देतो म्हणून घेतलेला कपडा स्वस्त वाटतो, पण तो पुढच्या महिन्याचा किराणा खातो. खरेदीआधी कपाट उपसून मोजणी करावी. कोणाचे काय धड आहे, काय आखूड झाले आहे, हे कागदावर लिहावे. कागद हाती असला की दुकानात मन भुलत नाही.

सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे आटायचे ते आधीच आटते. मुलांच्या गणवेशात शिंप्याला माया भरपूर ठेवायला सांगावी. खालची दुमड दोन इंचांची असली, तर पुढच्या जूनला ती उसवून तोच गणवेश लांब होतो. शर्टाची कॉलर घडीवर झिजली, तर उसवून उलटी लावावी. एवढ्याने शर्ट वर्षभर तरी चालतो.

हे सारे आपण जाणताच. पण खरे बोलायचे आहे ते पुढे. भगिनींनो, तो यादीचा कागद एकदा नीट वाचून पाहा. मुलाचे दोन शर्ट आहेत, मुलीचा ड्रेस आहे, मालकांची पँट आहे, सासूबाईंचे पातळ आहे. यादी करणाऱ्या बाईचे नाव कोठे आहे? विचारले तर आपणच म्हणतो, "मला काय करायचेय? आहेराच्या साड्या पडल्यात की ढीगभर."

त्या ढिगाकडे जरा बघू या. त्यातल्या बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या घाम टिपत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात अंग उतते. पडूनच आहेत म्हणून आपण त्या रोजच्याला काढतो आणि त्याच नेसून गॅसपुढे उभ्या राहतो. सुती कापडही पेटते, हे खरे. पण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो आणि जखम खोल करतो. साडी असो की गाऊन, स्वयंपाकघरात अंगावर सुतीच असावे आणि पदर खोचलेला असावा. येथे काटकसर नको.

ढिगात वीस साड्या असतात, पण धड परकर दोनच असतात. थंडीत पहाटे नळावर जायला स्वेटर नसतो. आतले कपडे विरलेले असतात, कारण ते कोणाला दिसत नाहीत. महिन्याच्या चार दिवसांचे तर बोलायलाच नको. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये रद्द झाला, तरी घरखर्चाच्या यादीत पॅड लिहायला आपला हात अडखळतो. कापड वापरत असाल तर तेही चालते. पण ते स्वच्छ, सुती असावे, साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली दडवून ओलसर ठेवले, तर त्यातून आजार होतात. आणि आजाराचा खर्च त्याच डब्यातून जातो.

आपण आजारी पडलो तर घर कसे चालते, हे मी सांगायला नको. तेव्हा आपली गरज भागवणे ही चैन नव्हे, तीही संसाराचीच तजवीज आहे.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली आहेराची. आपण एकमेकींना तीच साडी आणि तोच ब्लाउजपीस फिरवीत असतो. कित्येक ब्लाउजपीस घडी न मोडता चार घरे हिंडून येतात. त्याऐवजी निदान आपण सभासदांनी परकराचे सव्वादोन मीटर सुती कापड, चांगला टॉवेल किंवा पाकिटात पैसे द्यावेत. मान कमी होत नाही, आणि दिलेली वस्तू वापरात येते. दुसरी गोष्ट शाळेची. मुलांना आखूड झालेले, पण धड असलेले गणवेश मे महिन्यात धुऊन, बटणे लावून मंडळात जमा करावेत. ज्या घरी लागतील त्यांनी न संकोचता न्यावेत. त्यात देणारी मोठी नाही आणि घेणारी लहान नाही.

आणि शेवटची विनंती अशी. येत्या दिवाळीला यादी कराल, तेव्हा पहिल्या ओळीवर नाही, तरी निदान मधल्या एखाद्या ओळीवर आपले नाव लिहा, आणि त्यापुढे साडी न लिहिता जे खरोखर हवे आहे ते लिहा. घरातल्या माणसांना ते वाचू द्या. आपण सांगितल्यावाचून त्यांना कळायचे कसे?