दोस्त की दुश्मन? : दगडफुलाचा धडा



गोडा मसाला करताना आपण दगडफूल भाजून घालतो. काळपट-राखाडी, कागदासारखं हलकं. इथे लखनौत त्यालाच 'पत्थर का फूल' किंवा 'छडीला' म्हणतात आणि निहारीच्या पोटली मसाल्यात ते हमखास असतं. पण ते दगडही नाही आणि फूलही नाही. मग काय आहे? आज त्याबद्दल बोलू या.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी लखनौतच स्थायिक झालो. घराजवळच्या एका शाळेत आठवड्यातून एकदा जीवशास्त्राच्या तासाला मदत करायला जातो. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात अनेक वर्षं एक धडा होता, 'सूक्ष्मजीव: मित्र आणि शत्रू'. फौजी माणसाला ही भाषा लगेच कळते. रात्री पहारेकरी दरडावतो, "थम! कौन आता है?" उत्तर येतं, "दोस्त." पहाऱ्यावर एवढं पुरतं. निसर्गात मात्र पुरत नाही. मुलांनी दोन रकाने पाठ केले होते: दही लावणारे मित्र, टायफॉइड करणारे शत्रू. जैवविविधतेचा धडा वेगळा, त्यात वाघ आणि गेंडा. या दोन धड्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

म्हणून एके दिवशी मी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल वर्गात नेलं. बाईंनी त्यावर पाण्याचे थेंब टाकले. काही मिनिटांत तो वाळका तुकडा मऊ झाला, हिरवट दिसू लागला. ब्लेडने पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रंगहीन धाग्यांच्या जाळीत हिरवे गोल ठिपके. धागे म्हणजे कवक, म्हणजेच बुरशी. ठिपके म्हणजे शैवल. शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं. कवक आसरा देतं, पाणी आणि खनिजं धरून ठेवतं. या जोडीलाच शास्त्रात शैवाक किंवा लायकेन म्हणतात.

एका मुलीने विचारलं, "सर, इनमें मालिक कौन है?"

प्रश्न जुना आहे. स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर यांनी १८६९ साली कवकाला मालक आणि शैवलाला गुलाम म्हटलं होतं. तेव्हाच्या अनेक नामवंत अभ्यासकांना ही दोन जीवांची कल्पनाच हास्यास्पद वाटली. पुढे ती खरी ठरली. २०१६ साली तर काही शैवाकांत यीस्टच्या रूपातलं आणखी एक कवक सापडलं. म्हणजे तो एक जीव नाही, एक वस्तीच आहे. मालक कोण, यावर आजही शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मी त्या मुलीला तेच सांगितलं.

लडाखमध्ये उघड्या खडकांवर नारिंगी डाग दिसतात, तेही शैवाकच. त्याच जातीचं शैवाक २००५ साली युरोपीय अवकाश संस्थेने सुमारे पंधरा दिवस उघड्या अंतराळात ठेवलं होतं. ते जिवंत परतलं. आणि मुलांच्या प्रयोगशाळेतला लिटमस? तो रंगही मुळात शैवाकांतूनच काढला जाई.

पण अंतराळात टिकणारा हा जीव शहराच्या धुरात टिकेलच असं नाही. त्याला मुळं नाहीत, पानावर असतं तसं मेणाचं आवरणही नाही. हवेत आणि पावसात जे असेल ते थेट आत शिरतं: सल्फर डायऑक्साइड, शिसं, सगळंच. म्हणूनच शैवाक हवेचा निरीक्षक मानला जातो. आम्ही भिंगं घेऊन शाळेसमोरच्या रस्त्याची झाडं तपासली. खोडं कोरी. मग मलीहाबादला गेलो. तिथल्या जुन्या आंब्यांच्या सालीवर राखाडी-पांढुरके चट्टेच चट्टे. बाईंनी मुलांना बजावलं, एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही. साल, ओलावा, ऊन यांनीही फरक पडतो. तरी एक मुलगा हळूच म्हणाला, "हम भी तो वही हवा लेते हैं." यावर मी काय बोलणार?

गंमत म्हणजे, या विषयाचं मोठं केंद्र याच शहरात आहे. लखनौ विद्यापीठाचे प्रा. धरणीधर अवस्थी यांनी भारतातल्या शैवाक-अभ्यासाचा पाया घातला. सिकंदरबागेत, जिथे १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये घनघोर लढाई झाली, तिथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत हजारो नमुने जपून ठेवले आहेत. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही या विषयावर मोठं काम झालं आहे. भारतात शैवाकांच्या दोन हजारांहून अधिक प्रजाती आहेत. शाळेतल्या मुलांना त्यातली एकही ओळखता येऊ नये?

आणखी एक. बाजारातलं दगडफूल शेतात पिकत नाही. ते जंगलांतल्या झाडांवरून खरवडून आणलं जातं. बहुतेक शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. आपण चिमूटभर टाकतो, त्यामागे कित्येक वर्षांची वाढ असते.

मसाला सोडा, असं मी म्हणत नाही. गोड्या मसाल्याशिवाय आमटी मलाही गोड लागत नाही. शिक्षकांना, आजी-आजोबांना एवढंच सांगतो: दहा रुपयांचं दगडफूल आणि एक भिंग घ्या, मुलांना घेऊन जवळच्या झाडापाशी उभे राहा. खरवडू नका, नुसतं पाहा. काय दिसलं आणि काय दिसलं नाही, दोन्ही वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच झाडापाशी पुन्हा जा.

जय हिंद.