ज्याला माणूस हवा, त्यानं खर्च करायचा

राजारामपुरीतून आम्ही बचत गटाच्या समन्वयक बोलतोय.

आजचा विषय ऐकायला लांबचा वाटेल. परदेशातला मालक आपल्याकडचं शिकलेलं माणूस कामाला बोलावतो, तेव्हा नियम काय असतात, ते आज सांगणार आहोत. लांबचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. अलीकडं गटाच्या बैठकीत कर्जाची सगळ्यात मोठी मागणी येते ती म्हशीसाठी किंवा शिलाई मशीनसाठी नसते. "लेकीला इंग्लंडला पाठवायचंय," "पोराचा दुबईचा व्हिसा आलाय," असं सांगून ती येते. रक्कमही पाच लाख, दहा लाख अशी असते. त्या पैशात आपली बचत असते, आईचं सोनं असतं आणि कधी कधी शेताचा तुकडाही असतो.

अशी एक मागणी आमच्या एका गटात आली. मुलगी नर्सिंग शिकलेली. एजंटानं सांगितलं, "इंग्लंडचा केअर व्हिसा आहे. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट आम्ही मिळवून देतो. सगळे मिळून चौदा लाख. पाच लाख आधी भरा." आई गटाकडं आली ती या पाच लाखांसाठी. त्या मागणीचं पुढं काय झालं ते सांगतोच. आधी हे सर्टिफिकेट म्हणजे काय, ते बघू.

आपण बँकेचं कर्ज घेतो तेव्हा जामीनदार लागतो. स्पॉन्सर हा तसाच असतो. तिथला दवाखाना किंवा कंपनी त्यांच्या सरकारला सांगते, "हे माणूस आम्हाला या कामासाठी हवंय, इतका पगार देऊ आणि त्याची जबाबदारी आमची." ब्रिटनमध्ये असं सांगायला मालकाला आधी तिथल्या गृहखात्याकडून लायसन्स काढावं लागतं. लायसन्स असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर असते. ती कुणालाही फुकट बघता येते. कंपनीचं नाव, गाव आणि दर्जा तिच्यात लिहिलेला असतो.

लायसन्स मिळालेला मालक ठराविक माणसासाठी सर्टिफिकेट देतो. नाव सर्टिफिकेट असलं तरी तो चौकटीत लावायचा कागद नसतो. ती सरकारी संगणकातली नोंद असते आणि तिला एक नंबर असतो. काम कुठलं, पगार किती, ठिकाण कुठलं, हे त्या नोंदीत असतं. नंबर मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो.

आता मुद्द्याचं ऐका. हा खर्च कुणाचा? मालकाचा. लायसन्सची फी मालकानं भरायची आणि सर्टिफिकेटची फीही त्यानंच. बाहेरचा कामगार आणण्यासाठी त्याला सरकारला जो वेगळा कर द्यावा लागतो, तो कामगाराकडून वसूल करायला बंदीच आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून लायसन्सचा आणि सर्टिफिकेटचा खर्चही कामगारावर टाकता येत नाही. तसं केलं तर मालकाचं लायसन्स जाऊ शकतं. म्हणजे "सर्टिफिकेटचे दहा लाख" असं कुणी म्हटलं, तर जी वस्तू विकायचीच नाही तिची तो किंमत सांगतोय, हे ओळखा.

मग मुलीनं भरायचं काय? पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी आणि व्हिसाची फी. दवाखान्यातल्या कामाच्या व्हिसाची फी तीन वर्षांपर्यंत तीनशे पौंडांच्या आसपास आहे. या सगळ्याची बेरीज केली तरी लाखांचे आकडे होत नाहीत.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. ऊसतोडीला टोळी हवी असली की ट्रॅक्टरवाला मुकादमाला उचल देतो. ज्याला माणूस हवा तो पैसे मोजतो. इथं एजंट उलटंच सांगतो. काम करणाऱ्या पोरीकडूनच उचल मागतो. आणि उचल घेऊन मुकादम पसार झाला की काय होतं, हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांना नव्यानं सांगायला नको.

काही जणी म्हणतील, "पैसे गेले तरी चालतील, पोरगी पोहोचली म्हणजे झालं." पोहोचल्यावर काय होतं तेही ऐका. ब्रिटनमध्ये व्हिसा त्या मालकाला बांधलेला असतो. मालकाचं लायसन्स रद्द झालं की कामगाराला साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो, नाहीतर परत यावं लागतं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारनं म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या क्षेत्रात ४७० च्या वर लायसन्स रद्द केली. त्या मालकांशी ३९ हजारांच्या वर कामगार जोडलेले होते. त्यांत वेगवेगळ्या देशांतली माणसं होती. डोक्यावर कर्ज असलं की पोरगी मालकाचा अन्याय सोसते, कमी पगार घेते, पण बोलत नाही. घरी फोनवर "बरं चाललंय" एवढंच सांगते.

हिशेबही करा. खासगीत शेकडा दोननं चौदा लाख उचलले, तर महिन्याला २८ हजार नुसतं व्याज. महिन्याला दोन हजार पौंड पगार ऐकला की आपण लगेच रुपयांत गुणतो. पण तिथलं घरभाडं, प्रवास, जेवण हे सगळं पौंडांतच द्यायचं असतं.

आता त्या चौदा लाखांच्या मागणीकडं येऊ. आम्ही आई आणि मुलगी दोघींना घेऊन बसलो. मोबाइलवर यादी उघडली. कंपनीचं नाव यादीत होतं. घरच्यांना हायसं वाटलं. पण एजंटानं खऱ्या कंपनीचं नाव घेतलं म्हणून त्या कंपनीनं त्याला नेमलंय असं होत नाही. मग काम कुठलं ते बघितलं. कागदावर 'केअरर' लिहिलेलं. ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून केअरर म्हणून बाहेरच्या देशातून नवीन माणसं घेणं बंद केलंय. त्याच्या आधी, मार्च २०२४ पासून, केअररला नवरा-मुलांना सोबत नेणंही बंद झालं होतं. नर्सची वाट वेगळी आहे आणि ती अजून उघडी आहे. पण तिथं नर्स म्हणून काम करायला त्यांच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, इंग्रजीची ठरलेली पातळी लागते, परीक्षा द्यावी लागते. शेवटी एजंटाचा भारतातला परवाना शोधला. तो सापडला नाही.

गटानं कर्ज दिलं नाही. त्या ताई पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. राग साहजिक होता. लेकीची वाट अडवली असं त्यांना वाटलं. मग गटानंच ठराव केला की मुलीला इंग्रजीच्या परीक्षेची फी अंतर्गत कर्जातून द्यायची. ती आता इथल्याच एका दवाखान्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यास करते. जाईल तेव्हा नर्स म्हणून जाईल, आणि डोक्यावर चौदा लाख नसतील.

हा भारतातला परवाना काय, तेही सांगतो. आपल्याकडं १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करायची तर परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी लागते. नोंदणीचा नंबर कार्यालयात आणि जाहिरातीत दिसला पाहिजे. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर आहे. त्या एजंटालासुद्धा सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे एकूण ३५ हजार ४००. तेही पावती देऊन. "आम्ही एजंट नाही, नुसता सल्ला देतो," असं सांगून कुणी नोकरी लावायचे लाख रुपये मागत असेल, तर तो कायदा चुकवतोय.

आखाताचंही थोडक्यात सांगतो. तिथं स्पॉन्सरला कफील म्हणतात. दहावी पास नसेल तर आपल्या पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद येते. ईसीआरवाल्या माणसाला सौदी, दुबई, कुवेत, ओमान अशा १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. ३० वर्षांखालच्या ईसीआरवाल्या बाईला ती मंजुरी मिळत नाही. म्हणून एजंट म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून देऊ." तसं जाऊ नका. सरकारच्या वहीत तुमची नोंदच नसली, तर अडचणीच्या वेळी तुम्हाला शोधायचं कुणी? मंजुरी घेऊन गेलं तर १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही मिळतो. त्याचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे.

बाहेर जाऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. जर्मन भाषा शासनाच्या खर्चानं शिकवायचं ठरलं. तिथंही तीन गोष्टी लागतात : मालकाचा लेखी करार, आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता आणि भाषा. त्यातली भाषा विकत मिळत नाही, ती शिकावीच लागते. या योजनेचं नाव घेऊन कुणी घरी येऊन पैसे मागितले, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता गटासाठी पाच प्रश्न. वहीत लिहून घ्या. परदेशासाठी कर्जाची मागणी आली की सचिवानं हे प्रश्न बैठकीत मोठ्यानं विचारायचे आणि उत्तरं इतिवृत्तात लिहायची.

पहिला : मालकाचं नाव काय, आणि तो त्या देशाच्या सरकारी यादीत आहे का?

दुसरा : काम नेमकं कुठलं, आणि त्या कामासाठी आज व्हिसा मिळतो का?

तिसरा : एजंटाचा नोंदणी नंबर काय, आणि तो ई-मायग्रेटवर दिसतो का?

चौथा : पैसे कशाचे मागितलेत? प्रत्येक रकमेपुढं कारण लिहा. 'सर्टिफिकेट' किंवा 'स्पॉन्सरशिप' असं कारण आलं की तिथंच थांबा.

पाचवा : मालकाचा करार मुलीनं स्वतः वाचलाय का? पगार, कामाचे तास, राहायची सोय, सगळं?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. ती आपली सभासद असली तरी नाही, उलट सभासद आहे म्हणूनच नाही. "उद्याच भरा, नाहीतर जागा जाईल," असं एजंट म्हणाला, तर जागा जाऊ द्या.

शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाचा फुकट नंबर आहे : १८०० ११ ३०९०. मोबाइलवरून पैसे पाठवून फसला असाल, तर लगेच १९३० ला फोन करा. घाबरून गप्प बसू नका, आणि लेकीलाही गप्प बसवू नका. पोलिसांत जाताना पावत्या, मोबाइलवरचे मेसेज आणि बँकेच्या नोंदी सोबत घ्या.

येत्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा आणि गटाचा ठराव करून ठेवा. मागणी येईल तेव्हा नकार कुणा एकीनं दिलाय असं होणार नाही, ठरावानं दिलाय असं होईल. मग शेजारणीशी वाकडेपणाही येत नाही.