व्यंगचित्राला पाटी हवी का?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



राजकीय व्यंगचित्रात पुढाऱ्याच्या टोपीवर त्याचे नाव, राक्षसाच्या पोटावर 'महागाई' असे लिहिण्याची चाल जुनी आहे. ज्याची रेषा समर्थ, त्याला अशा पाटीची गरज नाही, असे जाणकार मानतात. मीही बरीच वर्षे तेच मानत आलो.

या मताला आधार भक्कम आहे. १० डिसेंबर १९७५ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचे चित्र आले. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद स्नानाच्या टबात बसून सही केलेला कागद दाराबाहेर देत आहेत आणि आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगत आहेत. आणीबाणी चालू होती. टबातील गृहस्थ कोण, हे वाचकाला सांगावे लागले नाही. पाटी लावली असती, तर चित्राची धारच बोथट झाली असती.

परंतु हेच चित्र आज एखाद्या महाविद्यालयीन मुलापुढे ठेवा. त्याला एक जाडजूड माणूस आंघोळ करताना दिसेल, एवढेच. व्यंगचित्रकार उद्या सकाळच्या वाचकासाठी काढतो. पन्नास वर्षांनंतरचा वाचक त्याच्या हिशेबात नसतो.

मग पाटी असली म्हणजे भागते का? शंकर यांचे १९४९ मधील चित्र पाहा. गोगलगायीवर 'संविधान' असे स्पष्ट लिहिलेले. तीवर आसूड घेऊन बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागे आसूड उगारलेले पंडित नेहरू. संविधानाचे काम लांबले होते, हा त्याचा तत्कालीन संदर्भ. हे चित्र शालेय पाठ्यपुस्तकात होते, त्यावरून २०१२ मध्ये संसदेत वादळ उठले. दोघेही गोगलगायीला हाकत आहेत, असे काहींनी म्हटले. नेहरूंचा आसूड बाबासाहेबांवर आहे, असे इतरांना दिसले. पाटी दोन्ही पक्षांना वाचता येत होती! आसूड पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या पाठीवर पडत आला, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना तो निराळा दिसणारच. त्यांना अडाणी ठरवणे मला पटले नाही. पाटी नाव सांगते. प्रसंग सांगत नाही.

आपल्या संग्रहातील जुन्या साप्ताहिकांच्या बांधीव खंडांत काही व्यंगचित्रांशेजारी कोणा सभासदाने शिसपेनीने नावे लिहून ठेवली आहेत. ग्रंथालयाच्या नियमानुसार हा अपराधच. तथापि त्या अपराध्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्याने लिहिले नसते, तर निम्मी चित्रे मला मुकी राहिली असती.

पानांवर कोणी काही लिहू नये. परंतु प्रत्येक खंडासोबत एक वही ठेवावी, तीत पृष्ठांक, व्यक्ती आणि त्या आठवड्यातील घटना नोंदवावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. ज्यांना ती वर्तमानपत्रे सकाळी ताजी हातात घेतल्याचे आठवते, असे सभासद आता थोडेच उरले आहेत. येत्या गुरुवारपासून सकाळी दहा वाजता मी वाचनकक्षात बसणार आहे. त्यांनी चष्मा घेऊन यावे.