गायतोंड्यांची सुनीती

शुवैखहून बोलतोय.

डॉ. सुनीती सॉलोमन हे नाव ऐकलं की मराठी माणूस डोळ्यांसमोर येत नाही. पण बाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात त्या वाढल्या, तिथेच डॉक्टर झाल्या. पती हृदयशल्यविशारद. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असं करून दोघं 1973 मध्ये परत आले. परदेशात बसून हे ऐकणाऱ्या तुम्हाआम्हाला यातलं 'परत आले' जरा टोचतंच, असो.

1986 साल. एड्स हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे कुठला, असं सगळे धरून चालले होते. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या सुनीतीबाईंनी आपल्या विद्यार्थिनीला, निर्मला सेल्लप्पनना, प्रबंधासाठी हाच विषय दिला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचं रक्त गोळा करायचं आणि तपासायचं. निर्मलाबाईंनी धड साधनं नसताना नमुने जमवले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीनं वेल्लोरला नेले, कारण चाचणीची सोय तिथे होती. एमबीएच्या वर्गात हा प्रोजेक्ट मांडला असता तर निधी नाही, साधनं नाहीत, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला असता.

चाचणीचं नाव एलायझा. ती विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती सापडली की द्रावणाला रंग येतो. सहा नमुने पिवळे झाले. बाईंनी घाईनं जाहीर केलं नाही. पुन्हा रक्त घेतलं, खात्रीची चाचणी अमेरिकेत करून घेतली आणि मगच सरकारला कळवलं. भारतातला एचआयव्हीचा हा पहिला पुरावा.

इथे थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण तेव्हा अशा रुग्णाला हात लावायला डॉक्टरही तयार नसत. 1993 मध्ये त्यांनी वडिलांच्या नावानं, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावानं, 'वायआरजी केअर' ही संस्था काढली. उपचार आणि संशोधन एकाच छताखाली. तिथे येणाऱ्या बायकांच्या नोंदींतून एक गोष्ट उघड झाली: त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार होता, लग्नाचा नवरा. 'वाईट चालीचा रोग' म्हणणाऱ्यांना याचं उत्तर देता आलं नाही.

पुढचा टप्पा मला सर्वांत मोठा वाटतो. एचआयव्ही शरीराच्या सीडी4 पेशींवर हल्ला करतो. औषधं त्याची वाढ रोखतात. पण मग तो जोडीदाराकडे जाणंही थांबेल का? नऊ देशांत 1763 जोडप्यांवर हे तपासलं गेलं, प्रत्येक जोडप्यात एक बाधित, एक निरोगी. चेन्नईत वायआरजी केअर आणि पुण्यात, भोसरीची 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, यात होत्या. 2011 चा निकाल: औषध लवकर सुरू केलं तर बाधिताकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते.

आणि हो, बाई लग्नंही जुळवायच्या! बाधित मुलगा, बाधित मुलगी. शिक्षण, घरदार पाहायचं, सोबत सीडी4 चा आकडाही. पत्रिकेपेक्षा हा आकडा जास्त कामाचा, हे तुम्हीही मान्य कराल. जुलै 2015 मध्ये त्या गेल्या. 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हे आज तुम्हाला का सांगतोय? कुवेतमध्ये इकाम्याच्या मेडिकलला एचआयव्हीची चाचणी असते हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. ती पॉझिटिव्ह आली की माणसाला परत पाठवतात. तो गावी जातो आणि कंपनी बंद पडली असं सांगतो. औषध घेत नाही, बायकोलाही बोलत नाही. असा कोणी तुमच्या ओळखीत असेल तर एवढं सांगा: भारतात सरकारी एआरटी केंद्रांत 2004 पासून औषधं मोफत मिळतात. रोज नियमानं घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. बायकोचीही तपासणी करून घ्यावी. 2017 च्या कायद्यानं एचआयव्हीमुळे नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभाव करायला मनाई आहे. भारतातून 1097 हा क्रमांक लावला की फुकट सल्ला मिळतो.

पुन्हा सांगतो, 1097. लिहून ठेवा.