छोट्या जागेतील आगीची घंटा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



डोंबिवलीत आगीचा विषय निघाला की आपले लक्ष प्रथम औद्योगिक वसाहतीकडे जाते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दिवशी झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. त्या स्फोटांपुढे घंटा काय करणार? मला बोलायचे आहे ते लहान आगीविषयी. ती जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत धुमसू लागते आणि वर शिकवणीला बसलेल्या मुलांना तिचा पत्ताही नसतो.

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला संकुलात खालून लागलेली आग वर चढली. सर्वांत वरच्या मजल्यावर शिकवणी चालू होती. तेथे जाणारा लाकडी जिना जळाला. काही मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी दगावले.

आपल्या शिकवण्या आणि अभ्यासिका अशाच दोन-तीन खोल्यांत भरतात. तेथे घंटा बसवताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. आग जिथे लागेल तिथून सर्वांत दूर बसलेल्या मुलाला ती ऐकू जाईल का, हा असावा. बाजारात मिळणारे बॅटरीवरचे सुटे यंत्र ज्या खोलीत आहे तिथेच वाजते. जिन्यातला धूर ओळखून वर्गातली घंटा वाजावी, यासाठी सर्व यंत्रे एका पेटीला जोडलेली हवीत. एवढ्या जागेला दोन किंवा चार विभागांची साधी पेटी पुरते. विक्रेता महागडी पेटी पुढे करील, तिची गरज नाही. पेटीला स्वतःची बॅटरी मात्र हवीच, कारण आग लागल्यावर वीज बहुधा आधी जाते.

धूर ओळखणारे यंत्र छताला बसवावे, पण पंख्याच्या झोतात किंवा अगदी कोपऱ्यात नको. जिन्यात आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर ते आधी, वर्गात नंतर. चहा होतो त्या खोलीत उष्णता ओळखणारे यंत्र बसवावे, नाहीतर रोज खोटी घंटा वाजेल. ऊद-लोबानच्या धुरानेही ती वाजते. आणि दोनदा खोटी वाजली की कोणीतरी बटण बंद करतो, हीच खरी भीती. हाताने दाबायची पेटी दाराजवळ असावी. तिच्यापुढे कपाट सरकवू नये.

मी एका वर्गात गेलो होतो. यंत्रे उत्तम, बिलही फाईलला लावलेले. वर पाहिले तर प्रत्येक यंत्रावर प्लास्टिकची टोपी! रंगकाम करताना घातलेली, ती तशीच राहिली होती. शिक्षकांना वाटत होते, ते यंत्राचेच झाकण आहे.

महाराष्ट्रात आगप्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, तेथील मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये दाखला द्यायचा असतो. फी भरताना तो दाखला पाहायला मागा. संचालक रागावले तर रागावू द्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडेही एक काम आहे. उद्या वर्गात गेल्यावर सरांना विचारा, "सर, घंटा एकदा वाजवून दाखवता?" वाजली, तर दप्तरे तिथेच ठेवून जिन्याने खाली उतरा आणि खाली पोचायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहा.