कसणाऱ्याचं नाव कुठं लिहायचं?

पदवीधर मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. तुम्हाला शिकवताना ज्यांनी बियाणं उसनवारीनं आणलं, त्या आईवडिलांचं त्याहून जास्त.

मी कृषी सहायक म्हणून नोकरीला लागलो. बांधावर जायची हौस होती, पण दिवस जायचा तक्ते भरण्यात आणि बैठकांत. वरून तक्ता आला की तो आजच हवा असायचा. खालून प्रश्न गेला की त्याला उत्तर नसायचं. याचा राग मला आजही आहे.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. उभा गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे मातीत गेले. पंचनामे करत फिरत होतो. एका शिवारात नवरा-बायकोनं चार एकर ठोक्यानं केलं होतं. पाडव्यालाच पैसे मोजलेले, तेही सावकाराकडून आणून. मालक पुण्यात राहायचा. नुकसानीचे पैसे त्याच्याच खात्यावर जाणार होते. ती बाई म्हणाली, "साहेब, गारा काय सातबारा बघून पडल्या का?" मी वेगळं टिपण लिहून वर पाठवलं. शेरा आला : नमुन्यात असा रकाना नाही. पुढे तालुक्याला अधिकारी झालो, पुन्हा लिहिलं. शेरा तोच.

हे का होतं, ते समजून घ्या. कुळाचे कायदे कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून आले. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळकायदा. या कायद्यांनी अनेकांना जमीन दिली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसेल, या धास्तीनं आज मालक कागद करून देत नाही. सगळा व्यवहार तोंडी. कागद नाही म्हणून बटईदाराला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, पीककर्ज सहसा मिळत नाही. पीकविम्यात त्याला जागा आहे, पण भाडेकरार दाखवावा लागतो. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबालाच. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. केंद्रावर नोंदणीला सातबारा आणि पीकपेरा मागत. बटईदारानं माल व्यापाऱ्याच्या काट्यावर नेला, मिळेल त्या भावात. ज्या विधवेचं नाव वारसनोंदीत लागलेलं नसतं, तिचीही हीच गत.

तुमच्यातले काही कृषी खात्यात जातील, काही बँकेत, काही विमा कंपनीत. पुढची ॲप तुमच्याच हातून होणार. 2021 मध्ये मोबाइलवर पीक नोंदवायची ई-पीक पाहणी आली, आता शेतकरी ओळख क्रमांक आला. दोन्हींचा पाया सातबाराच. माझं एकच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करतो : मालकाच्या हक्काला धक्का न लावता, या हंगामात ही जमीन कोण कसतंय एवढा एक रकाना घाला. मालकाला कायद्यानं निर्धास्त करा, म्हणजे तो सही देईल. कुणी म्हणेल, नमुन्यात बसत नाही. तेव्हा नमुना बदलायचा प्रस्ताव लिहा, आणि उत्तर येईपर्यंत दर हंगामाला लिहीत राहा.